बारा ते साडेबाराची रिकामी ओळ

मरिया साळवेला वाचायचं होतं, आणि पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला तिला झोप यायची. आता यात अंगावर काटा यावा असं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या-माझ्या घरात असली माणसं पैशाला पासरी आहेत. पण जरा दम धरा, सगळं सांगतो.

श्रीरामपुरात स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर सुनील सरांची अभ्यासिका आहे. दोन मजले, साठ केबिन. केबिन हे आपलं म्हणायला. तीन बाजूंनी प्लायवूड, समोर एक फळी आणि डोक्यावर ट्यूब, एवढाच कारभार. त्या खोक्यात एकेक पोरगं सकाळी सहापासून मान खाली घालून बसतं, कुणाला तलाठी व्हायचं असतं, कुणाला फौजदार. मरिया तिथं झाडलोट करायची, पाण्याचे जार भरायची, बेसिनं घासायची. सगळी पोरं तिला मावशी म्हणायची. या मावशीनं मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलंय हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं, आणि विचारतंय कोण!

तिचा नवरा योसेफ टेम्पो चालवायचा. मोठा बोलका आणि मायाळू माणूस. तलाठी भरतीचा फॉर्म तिला त्यानंच हट्टानं भरायला लावला होता. "तू साहेबीण हो, मी तुझ्या हापिसाबाहेर टेम्पो लावून चहा पीत बसतो," असं तो म्हणायचा. मरियानं तीनदा परीक्षा दिली आणि तिन्ही वेळा आपटली. आता तिला बेचाळीस पूर्ण झाली होती, आणि वयाची अट त्रेचाळीसची. म्हणजे यंदाची भरती शेवटची. ही हुकली की जन्मभर हातात झाडू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि हे दिसत असूनसुद्धा दहाव्या मिनिटाला तिचे डोळे मिटायचे.

अभ्यासिकेतल्या पोरांचा एक रिवाज होता. जो तो समोरच्या प्लायवर आपलं टाइमटेबल चिकटवायचा, आणि निवड होईपर्यंत तो कागद काढायचा नाही. काढला की यादीतला नंबर जातो, अशी पक्की समजूत. शिकली-सवरलेली पोरं हो, एकाची तर इंजिनिअरिंगची पदवी! पण त्या कागदाला कुणी नख लावायचं नाही. एखादा मध्येच सोडून गेला, तरी त्याचा कागद तसाच राहायचा.

जिन्याखालच्या अठ्ठावीस नंबरमध्ये असाच एक कागद होता. पारनेरकडच्या अमृत नावाच्या पोराचा. त्यानं परीक्षा दिली, आणि निकालाची वाट बघत पुढच्या परीक्षेचा अभ्यास करत बसला होता. एका दुपारी तो जागेवरून उठला, दप्तर तिथंच, चपला दाराशी तशाच, आणि अनवाणी चालत बाहेर पडला तो परत आलाच नाही. तेव्हापासून अठ्ठावीस रिकामी. फुकट दिली तरी कुणी घेईना. शेवटी सुनील सरच मरियाला म्हणाले, "मावशी, काम उरकलं की बसत जा तिथं. तसंही ते ओसच पडलंय."

मरिया बसली. समोरचा कागद तिनं वाचला. मोत्यासारखं अक्षर. सहा ते नऊ इतिहास, नऊ ते दहा गणित, दहा ते बारा कायदा, साडेबारा ते दोन उजळणी. अशी सगळ्या दिवसाची ओळ न् ओळ भरलेली. फक्त बारा ते साडेबारा या ओळीपुढं काहीच नव्हतं. वेळ लिहिलेली आणि पुढं कोरं.

तिचं स्वतःचं टाइमटेबल कुठं होतं? तिनं आयतं हेच धरलं. झाडलोट पहाटेच उरकायला लागली, आणि त्या पहिल्या दिवशी काय झालं ठाऊक आहे? झोप आलीच नाही. नऊ वाजले हे तिला बाहेरच्या शाळेची घंटा झाली तेव्हा कळलं. तीन तास! या बाईला आयुष्यात तीन तास कुणी सलग बसू दिलं नव्हतं, आणि ती स्वतःही कधी बसली नव्हती. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. "अहो, मला जमलं," तिनं योसेफला सांगितलं, आणि सांगताना तिला रडूच फुटलं. लेक नॅन्सी, वय वर्षं अकरा, दोघांकडे बघून टाळ्या वाजवत होती.

बारा ते साडेबारा म्हणजे विश्रांती असणार, असं मरियानं आपलं धरून चालवलं. त्या वेळी ती नुसती बसायची आणि समोर बघायची. बघता बघता साडेबारा व्हायचे. अर्धा तास कुठं जायचा कळायचं नाही, पण डोकं कसं लख्ख व्हायचं. बाहेर भर दुपारचं ऊन रणरणत असायचं, जिन्याखाली मात्र अंगाला गारवा लागायचा.

आठ-पंधरा दिवसांनी शेजारच्या केबिनमधली मोनिका तिला म्हणाली, "मावशी, रागावू नका, पण तुम्ही बारा वाजता पाठांतर जरा मनातल्या मनात करा ना. मला डिस्टर्ब होतं."

"मी? मी तर तेव्हा गप्प बसलेली असते गं."

मोनिकाला वाटलं, मावशी थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईलवर चित्रण केलं आणि दाखवलं. मरिया ताठ बसलेली. नजर कागदावर, त्या कोऱ्या ओळीवर. पापणी हलत नाही. आणि ओठ चाललेत. खालच्या, एकसुरी आवाजात जमीन महसूल कायद्याची कलमं, कलमामागून कलम, कुठं अडखळणं नाही की श्वास घेणं नाही. आवाज तिचाच होता. पण ते प्रकरण तिनं अजून उघडलंही नव्हतं.

तिनं पुस्तक काढून ताडून पाहिलं. शब्दाला शब्द बरोबर.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथून धूम ठोकली असती. मरियाच्याही हातापायांना घाम सुटला, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीच्या खाली तिला आनंद झाला होता. बेचाळीस वर्षांच्या बाईच्या डोक्यात काही टिकत नाही, म्हणून जिनं स्वतःच्या कपाळावर पेन आपटून घेतलेलं, तिला न वाचता पाठ होत होतं! तुम्ही सोडलं असतंत? छातीवर हात ठेवून सांगा.

मग एका रविवारी चर्चमध्ये गीत सुरू झालं. तिची आई जात्यावर बसून म्हणायची ते गीत, मरियाला बोलायच्या आधीपासून येत होतं ते. सगळे गायला लागले, मरियानं तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. शब्द नाहीत, चालही नाही. जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ती उभी राहिली. गाणं असतं, जातं एखादं डोक्यातून, असं तिनं स्वतःला समजावलं. पुढल्या आठवड्यात बाजारात चार टेम्पो ओळीनं उभे होते, आणि त्यातला आपला कुठला हे तिला ओळखू येईना. योसेफ पोट धरून हसला. "साहेबीणबाई, अभ्यासानं डोकं फिरलंय तुमचं!"

एका संध्याकाळी ती नॅन्सीची वेणी घालत होती. पोरीच्या उजव्या भुवईवर एक जुना व्रण होता. मरियानं त्याच्यावर बोट ठेवलं आणि सहज विचारलं, "हे कशानं गं लागलं?"

नॅन्सी वळून बघायलाच लागली. "मम्मी, असं काय करतेस? झोक्यावरून पडले होते ना मी. तूच उचलून पळत नेलंस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, टाके कुणाला घालू, पोरीला का आईला. एवढी रडत होतीस तू."

मरियाला काही म्हणजे काही आठवेना. ना झोका, ना रक्त, ना डॉक्टर. पण त्या दुपारी कायद्याचं कुठलं प्रकरण डोक्यात आलं, ते मात्र तिला मुळापासून शेवटपर्यंत येत होतं. रिकाम्या ओळीत एक येतं आणि त्या बदल्यात एक जातं, हे तिला तिथं कंगवा हातात धरून बसल्या बसल्या कळलं. ती फार घाबरली. नॅन्सीला तिनं इतकं घट्ट धरलं की पोरगी ओरडली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनील सरांकडून अमृतचा पत्ता घेतला आणि पहाटेची एसटी धरली. नगरला गाडी बदलून पारनेर, आणि तिथून पुढं जीपनं एक गाव. पोचली तेव्हा दुपार झाली होती. कोरडवाहू रान, कुठं हिरवं दिसेना, आणि त्या उन्हात गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घराच्या ओट्यावर एक तरणा पोरगा बसला होता. अंगात धुतलेला शर्ट, नीट पाडलेला भांग. नजर समोरच्या भिंतीवर, आणि ओठ चाललेले.

त्याची आई रतनबाई पाणी घेऊन बाहेर आली. मरियानं अभ्यासिकेचं नाव काढताच तिनं तांब्या खाली ठेवला.

"पास झाला त्यो," ती म्हणाली. "यादीत नाव आलं, पत्र बी आलं. म्या म्हनलं, अमृता, तुजं पत्र हाय रं. तर मला म्हनला, मावशी, कुनाचं पत्र? बाई, म्या जलम दिला त्याला, आन मला मावशी म्हनला त्यो." तिनं पदर तोंडाला लावला. "येडा न्हाई. आजारी बी न्हाई. कायद्याचं काय बी इचारा, सांगतो. पर म्या त्याची कोन, ते न्हाई सांगत."

"त्याचं ते टाइमटेबल..." मरिया म्हणाली.

"त्याचं कुटलं? आदीच्या पोराचं उतरवलं हुतं. लई खूस झाला हुता. आये, आयतं गावलं म्हनायचा."

तेवढ्यात अमृतचे ओठ थांबले. त्यानं मान वळवून मरियाकडे पाहिलं, आणि अभ्यासिकेत पोरं एकमेकांना विचारतात तसं अगदी साध्या आवाजात विचारलं, "अठ्ठावीस ना? कुठपर्यंत आलंय?"

विचाराल तसं उत्तर द्यायची सवय, म्हणून मरियानं प्रकरणाचं नाव सांगून टाकलं.

"मग फार राहिलं नाही," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

परतीच्या एसटीत तिनं ठरवलं, तो कागद फाडायचा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी यायच्या आत, ती खरंच त्याला नख लावून बसलीही. कोपरा सुटला. त्याच्याखाली दुसरा कागद होता. निराळं अक्षर, पण वेळा त्याच. त्याखाली आणखी एक. कुणाचा हिरव्या शाईचा, कुणाचा पेन्सिलीचा, पुठ्ठ्याएवढा जाड थर झाला होता. आणि प्रत्येकावर बारा ते साडेबारापुढची ओळ कोरी.

मरियानं नख मागं घेतलं. पण आता बघा, माणसाचं मन कसं असतं. परीक्षेला चोवीस दिवस उरले होते. चोवीस अर्धे तास. एवढ्यात जाऊन जाऊन जाईल किती? अमृत तर वर्षभर बसला होता! आणि आता उठलं तर आलेलंही राहील की नाही, कुणी सांगावं? झाडू, फिनेल, बेसिन, आणि पुढच्या मार्चपासून फॉर्म भरायचाही हक्क नाही. नॅन्सीचं शिक्षण, योसेफची दुखरी कंबर, सगळं तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं तो सुटलेला कोपरा थुंकी लावून परत चिकटवला. मला तिचा राग येतो, आणि तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं हेही मला माहीत आहे.

मात्र त्या दिवशी घरी जाताना तिनं दोनशे पानी वही विकत घेतली. अभ्यास कसा करायचा हे आता तिला चांगलं समजलं होतं. जे विसरायची भीती, त्याच्या नोट्स काढायच्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर तिनं पहिल्या पानावर लिहिलं, 'माझं नाव मरिया योसेफ साळवे.' दुसऱ्या पानावर नवरा. चहात साखर दीड चमचा, डावी कंबर दुखते, टेम्पोच्या काचेवर निळा क्रॉस. मग घराचा रस्ता, आईबापाची नावं, भाकरीला पाणी किती. आणि मग लेक. रोज पहाटे सहाच्या आधी ती ही वही काढायची आणि मोठ्यानं दोनदा वाचायची. झाकून म्हणून बघायची. चुकलं की लाल पेनानं खूण.

आणि गंमत म्हणजे घर सुरळीत चालू लागलं. चहा गोडीला तंतोतंत. कमरेला वेळेवर शेक. "आता कसं जाग्यावर आलं डोकं," योसेफ खूश होऊन म्हणाला. नॅन्सी शाळेतून आली की मम्मी हसायची, रोज हसायची, अगदी न चुकता. पोरगी दप्तर न काढता दारातच उभी राहून त्या हसण्याकडे बघत राहायची.

परीक्षा झाली. पुढं निकाल लागला, आणि मरिया साळवे यादीत वरून नववी. अभ्यासिकेत काय जल्लोष झाला म्हणता! चौकात फ्लेक्स लागला. सुनील सरांनी शाल घातली, नारळ दिला, भाषणात त्यांचा गळा भरून आला. कालची मावशी एका दुपारीत मॅडम झाली. योसेफ सगळ्यांना पेढे वाटत सुटला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "माझी बायको हाय ती, माझी!"

कार्यक्रम संपल्यावर मोनिका जवळ आली. तिची ही दुसरी खेप वाया गेली होती, डोळे सुजले होते. "मॅडम, अठ्ठावीस मला द्याल? आणि ते टाइमटेबल... काढू नका ना, प्लीज. मी तेच फॉलो करते."

या मुलीला काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं, असं मरियाला आत कुठंतरी वाटलं. तिनं मनातल्या मनात वहीची पानं चाळली. त्यात पारनेरबद्दल काही नव्हतं. ते लिहायचं राहूनच गेलं होतं.

"घे की," ती हसून म्हणाली. "आयतं आहे."

मरिया घरी आली तेव्हा नॅन्सी एकटीच होती. जमिनीवर बसलेली, आणि मांडीवर ती वही. तिचंच पान उघडं होतं.

'नॅन्सी. मुलगी. वय ११, सहावी. उजव्या भुवईवर व्रण (झोक्यावरून पडली, असं ती सांगते). भेंडी आवडते, कारलं नाही. शाळेतून आली की हसायचं. डोक्यावरून हात फिरवायचा. पेपरच्या दिवशी कपाळाचा मुका.' 'हसायचं' या शब्दाखाली लाल रेघ होती, आणि समासात चांदणी काढून लिहिलं होतं: महत्त्वाचं.

शाळेतून पोर आली काय किंवा आपण घरी आलो काय, हसायचं, हे आठवून मरिया हसली. जवळ जाऊन तिनं नॅन्सीच्या डोक्यावरून हात फिरवला.

नॅन्सीनं हात झटकला नाही. ती म्हणाली, "मम्मी, माझा वाढदिवस?"

मरियानं तारीख सांगितली.

"वर्गातल्या मैत्रिणी?"

दोघींचीही नावं मरियानं आडनावांसकट सांगितली.

"तू मला लाडानं काय म्हणतेस?"

मरियाचे डोळे वर गेले, पान शोधायला लागले. मागचं पान, पुढचं पान. कुठंच नव्हतं. वही घ्यायच्या आधीच ते गेलं असणार, आणि जे गेलंय हेही माहीत नाही, ते माणूस लिहिणार कसं? "हे नाही झालेलं," ती हळूच म्हणाली.

नॅन्सीनं आईच्या पर्समधून पेन काढलं. पानाच्या तळाशी एक शब्द लिहिला, आणि वही आईपुढं सरकवली. "वाच."

"भिंगरी," मरियानं वाचलं.

"मोठ्यानं."

"भिंगरी." मग मरियानं डोळे मिटून घेतले, पान हातानं झाकलं, आणि न बघता म्हटलं, "भिंगरी. बरोबर?"

"बरोबर," नॅन्सी म्हणाली, आणि मग मात्र तिला हुंदका आवरेना.